चॅरिटी शॉपमधून लोक नेमकं काय घेतात?

प्रश्न : माझी मुलगी सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये लीड्सला एम.एस्सी. करते आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं अंगातला कोट दाखवला. छान, जाड, लोकरीचा. कुठून घेतलास, असं विचारलं तर म्हणाली, "चॅरिटी शॉपमधून, आई. दोन पातेली आणि ताटल्याही तिथूनच आणल्या." तिच्या बाबांचं तोंड एवढंसं झालं. आपण पैसे कमी पाठवतो की काय, असं त्यांना वाटू लागलंय. मलाही कुणाचा तरी उतरलेला कोट तिनं घालावा हे पटत नाही. ही दुकानं गरिबांसाठी असतात ना? मग तिनं तिथून घेणं योग्य आहे का? तिथली माणसं तिथून काय काय घेतात? आणि तो पैसा खरंच कुणाच्या उपयोगी पडतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी तिच्या बाबांची काळजी मिटवू या. गरिबांना स्वस्तात वस्तू मिळाव्यात म्हणून ही दुकानं उघडलेली नाहीत. लोकांनी फुकट दिलेल्या वस्तू कुणीही विकत घ्याव्यात आणि त्या विक्रीचा पैसा संस्थेच्या कामाला लागावा, यासाठी ती चालतात. हृदयविकारावरचं संशोधन, कर्करोगाचे रुग्ण, बेघर माणसं, अनाथ मुलं, गावातलं हॉस्पिस म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, ज्या कामाची पाटी दुकानावर असते त्या कामासाठी. तुमच्या मुलीनं कोट घेतला तेव्हा कुणा गरजूच्या तोंडचा घास काढला नाही, त्या कामात चार पैसे टाकले. काउंटरवर तिला कुणी मिळकत विचारली नसेल, कारण तिथे ती कुणालाच विचारत नाहीत. निवृत्त शिक्षिका, डॉक्टर, नुकतं लग्न झालेलं जोडपं, विद्यार्थी, सगळे एकाच रांगेत उभे असतात आणि सगळ्यांना एकच भाव असतो.

ब्रिटनमध्ये अशी दहा हजारांवर दुकानं आहेत. लहानशा गावाच्या मुख्य रस्त्यावरही तीन-चार सहज दिसतात. ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, कॅन्सर रिसर्च यूके, बर्नार्डोज, स्यू रायडर, एज यूके ही त्यातली मोठी नावं. तुमची मुलगी लीड्सला आहे म्हणजे विद्यार्थ्यांच्या वस्तीचा हेडिंग्ली भाग तिच्या पायाखालचा असेल. तिथे तर ही दुकानं ओळीनं आहेत.

आता लोक काय घेतात ते. सगळ्यांत जास्त खप कपड्यांचा, त्यातही बायकांच्या कपड्यांचा. दुकानात शिरल्यावर दिसतात त्या हँगरच्या लांबलचक रांगा. कुठे मापानुसार लावलेल्या, कुठे रंगानुसार. मुरलेलं गिऱ्हाईक रंग-फॅशन नंतर पाहतं. आधी कॉलर उलटून आतलं लेबल वाचतं : शंभर टक्के लोकर, काश्मिरी लोकर, लिनन, रेशीम. दुकानात नवा घ्यायचा तर परवडणार नाही असा अस्सल लोकरीचा कोट इथे आवाक्यात येतो. तो आधी चार-पाच हिवाळे वापरला गेलेला असला तरी त्यात अजून दहा हिवाळे शिल्लक असतात. थंडीच्या देशात कोट हा काही हौसेचा कपडा नाही, आणि चांगला कोट लवकर जुना होत नाही. माझ्या मते चॅरिटी शॉपमधून घेण्याजोगी पहिली वस्तू कोणती, तर कोटच. मुलीची निवड चोख आहे.

यात एक खुबी जाणकारांना ठाऊक असते. दुकानातला माल आजूबाजूच्या घरांतूनच येतो, म्हणून श्रीमंत वस्तीतल्या दुकानात माल भारी असतो. लंडनमधल्या चेल्सी भागातलं ब्रिटिश रेडक्रॉसचं दुकान नामांकित डिझायनरांच्या कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे लोक लांबून मुद्दाम येतात. लग्नाचे पांढरे पोशाखही असेच मिळतात. एकदाच घातलेला आणि मग वर्षानुवर्षं कपाटात टांगलेला तो पोशाख पुष्कळ जणी देऊन टाकतात. ऑक्सफॅमच्या काही दुकानांत तर नवरीच्या पोशाखांचा वेगळा विभाग आहे. लग्नाला घालायच्या हॅट, पार्टीचे झगे, मुलांचे महिना-दोन महिन्यांत आखूड होणारे कपडे यांनाही कायम मागणी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या शाळांत पुस्तक दिन असतो आणि मुलं गोष्टीतल्या पात्रांचे वेश करून जातात. त्याच्या आधीच्या दिवसांत आई-बाप जुने झगे, टोप्या, वास्कटं धुंडाळत या दुकानांतून फिरताना दिसतात.

पुस्तकांविषयी मात्र मला थोडं जास्त सांगायचं आहे, कारण ही दुकानं मला प्रिय आहेत ती मुख्यतः पुस्तकांमुळे. ऑक्सफॅमनं ऑक्सफर्डमधल्या सेंट जाइल्स रस्त्यावर १९८७ मध्ये फक्त पुस्तकांचं दुकान काढलं. पुढे अशी अनेक दुकानं निघाली, आणि आज जुन्या पुस्तकांचा युरोपातला सर्वांत मोठा विक्रेता म्हणून या संस्थेकडे पाहिलं जातं. ज्यांनी मुंबईत फोर्टच्या पदपथावर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनी पुस्तकं चाळण्यात दुपारी घालवल्या आहेत, त्यांना तिथलं वातावरण लगेच आपलंसं वाटेल. फरक एवढाच की तिथे पुस्तकं विषयवार लावलेली असतात आणि भावाची घासाघीस कुणी करत नाही. दोन-तीन पौंडांत चांगली कादंबरी हाती पडते. पेंग्विनची नारिंगी पाठीची जुनी पुस्तकं, स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका, ऑर्डनन्स सर्व्हेचे पायवाटा दाखवणारे नकाशे, पाककृतींची पुस्तकं, बालवाङ्मय यांवर लोकांचा डोळा असतो. इंग्रजांच्या अमदानीतल्या हिंदुस्थानावरची, निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरांतून आलेली पुस्तकंही अधूनमधून निघतात. आपल्या माणसांनी ते कप्पे जरूर पाहावेत.

आणि लोकांना काय नको असतं, हेही पुस्तकांतच सर्वांत स्पष्ट दिसतं. जे पुस्तक एका वर्षी सगळ्यांनी घेतलं, ते काही वर्षांनी सगळेच देऊन टाकतात. २०१६ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथल्या ऑक्सफॅमच्या दुकानात 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' या कादंबरीच्या इतक्या प्रती साचल्या की कामगारांनी त्या रचून मागच्या खोलीत चक्क किल्ला उभारला आणि ही कादंबरी आता देऊ नका, असं आवर्जून सांगितलं. 'द दा विंची कोड'चीही तीच गत झाली. विश्वकोशांचे जाडजूड संच आणि व्हिडिओ कॅसेट हेही कुणी घेत नाही. बरीच दुकानं ते दारातच नाकारतात.

घरगुती वस्तूंच्या फळ्या हा आणखी एक मोठा ओढा. चिनीमातीची भांडी, काचेचे बाउल, फोटोच्या चौकटी, फुलदाण्या, चहाच्या किटल्या. डेन्बीसारख्या कंपनीच्या ताटल्यांच्या संचातली एक ताटली फुटली की तिची जोड शोधत फिरणारी माणसं असतात. त्यांच्यासाठी ती एकटीदुकटी ताटली मोलाची. लोकरीचे गुंडे आणि विणकामाच्या सुया आल्या आल्या जातात. ग्रामोफोनच्या तबकड्यांना अलीकडे तरुण गिऱ्हाईक मिळालं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात विद्यापीठांच्या गावांत पातेली, ताटल्या, टेबललॅम्प यांच्यावर विद्यार्थ्यांची धाड पडते. तुमच्या मुलीची पातेली त्यातलीच.

पण तिथल्या माणसांची खास आवड जवळून पाहायची असेल तर जिगसॉ पझलच्या फळीपाशी उभं राहावं. हजार तुकड्यांचं चित्र : समुद्रकाठचं गाव, वाफेचं इंजिन, फुलांनी भरलेलं खेड्यातलं घर. खोक्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी आणि झाकणावर बॉलपेनानं लिहिलेली चिठ्ठी, 'सगळे तुकडे आहेत'. ही चिठ्ठी हवेतून येत नाही. कुणी स्वयंसेवक तो खोका घरी नेतो, संध्याकाळ-संध्याकाळ बसून चित्र पूर्ण लावतो, मोडतो, पुन्हा खोक्यात भरतो, आणि मगच ती चिठ्ठी लिहितो. एक तुकडा कमी निघाला तर तेही प्रामाणिकपणे लिहितात, आणि तरीही तो खोका कमी भावात कुणीतरी घेतोच. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडणाऱ्या देशात वयस्क माणसांची लांब संध्याकाळ त्या खोक्यावर निघते. चित्र लावून झालं की खोका परत दुकानात येतो आणि पुन्हा विकला जातो. एकाच वस्तूतून संस्थेला तीन-चार वेळा पैसे मिळतात.

ही प्रथा आली कुठून? दुसऱ्या महायुद्धात रेडक्रॉसनं १९४१ मध्ये लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर दान आलेल्या वस्तूंचं दुकान काढलं होतं. पण आजच्या दुकानांची पायवाट पाडली ती ऑक्सफॅमनं. नाझींच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये माणसं उपासमारीनं मरत होती. तिथे अन्न पोहोचावं म्हणून १९४२ मध्ये ऑक्सफर्डमधल्या काही नागरिकांनी समिती स्थापन केली, तीच पुढे ऑक्सफॅम झाली. युद्धानंतर कपड्यांच्या मदतीचं आवाहन केलं तर लोकांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त सामान आणून टाकलं. सेसिल जॅक्सन-कोल या व्यापारी दृष्टीच्या कार्यकर्त्यानं मग १७, ब्रॉड स्ट्रीट इथे कायमचं दुकान थाटलं. साल १९४७. दोन वर्षांनी तिथे आलेले जो मिटी यांनी ठरवलं की जे येईल ते विकायचं. खोट्या दातांपासून हाउसबोटीपर्यंत आणि एकदा तर जिवंत गाढवापर्यंत सगळं त्यांनी विकून दाखवलं. याच संस्थेनं १९५१ मध्ये बिहारच्या दुष्काळात मदत पाठवली, तेव्हा आपल्या देशाशीही या दुकानाचा संबंध जुनाच आहे.

पैशाविषयीचा तुमचा प्रश्न रास्त आहे. माल फुकट येतो, पण दुकान फुकट चालत नाही. भाडं, वीज, व्यवस्थापकाचा पगार, गाडीभाडं हे सगळं विक्रीतूनच भागवावं लागतं, आणि जमा झालेल्या रकमेतला मोठा भाग त्यात जातो. सरकार काही ठिकाणी हात देतं. दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर गिऱ्हाइकाला विक्रीकर भरावा लागत नाही, दुकानाच्या स्थानिक करात ऐंशी टक्के सूट मिळते. शिवाय 'गिफ्ट एड' नावाची सोय आहे. वस्तू देणारा माणूस ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरत असेल आणि त्यानं तशी सही केली असेल, तर त्याच्या वस्तू विकून आलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला २५ पेन्स वर देतं. म्हणूनच पिशवी घेऊन गेल्यावर आधी विचारतात, "गिफ्ट एड आहे का?" आणि तुमच्या वस्तूंना वेगळा बारकोड लावतात. बाकी सगळा डोलारा स्वयंसेवकांवर उभा आहे. देशभरात लाखाहून जास्त माणसं आठवड्यातले काही तास बिनपगारी काम करतात : निवृत्त लोक, नोकरीच्या शोधातली मुलं, भाषा शिकू पाहणारे नवखे परदेशी. ब्रिटनमधल्या आपल्या मराठी घरांतल्या कितीतरी बायका नवऱ्याच्या सोबतीनं तिकडे गेल्यावर याच दुकानांतून तिथल्या समाजात रुळल्या. तुमच्या मुलीला वेळ असेल तर तिनंही करून पाहावं. विद्यार्थी व्हिसावर स्वयंसेवा करण्याचे नियम मात्र आधी विद्यापीठात विचारून घ्यावेत.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो विकत घेणारा. देणारे रग्गड असतात. जानेवारीत नाताळच्या नकोशा भेटी, घर बदलताना निघालेला पसारा, आजी गेल्यावर रिकामं केलेलं कपाट, सगळं पिशव्या भरभरून दुकानाच्या दारी येतं. मागच्या खोलीत त्याची निवड होते, कपड्यांवर वाफ फिरवतात, चिमट्यानं भावाची चिठ्ठी टोचतात. पुष्कळ ठिकाणी त्या चिठ्ठीवर आठवड्याचा आकडा असतो. ठरलेले आठवडे उलटले आणि कपडा विकला गेला नाही, तर तो रांगेतून काढला जातो. दात्यानं कितीही मनापासून दिलेला असला तरी त्या कपड्यातून तोवर रुग्णासाठी पै मिळालेली नसते. पैसा उभा राहतो तो कुणीतरी थांबून, निरखून, "हे मला हवं" असं म्हणून पाकीट उघडतो तेव्हा. तुमच्या मुलीनं नेमकं हेच केलं. यात लाजण्यासारखं मला काहीच दिसत नाही.

न विकला गेलेला कपडा कुठे जातो, तेही सांगतो, कारण ती वाट आपल्या दारावरून जाते. बहुतेक दुकानं तो किलोवर व्यापाऱ्यांना विकतात. घालण्याजोगा माल आफ्रिका आणि पूर्व युरोपातल्या बाजारांत जातो. घानाच्या आक्रा शहरातला कांतामांतो बाजार अशा कपड्यांवरच उभा आहे. ऑक्सफॅमचं स्वतःचं निवड केंद्र लीड्सच्या जवळच बॅटली गावात आहे. याच बॅटलीत १८१३ मध्ये बेंजामिन लॉ यानं जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांचं नवं सूत आणि कापड करण्याची युक्ती शोधली. ती गिरणीविद्या आज आपल्या पानिपतला नांदते. परदेशातले उतरलेले स्वेटर आणि कोट कापून, चिंध्या करून तिथे येतात, कारण घालण्याजोगे जुने कपडे आयात करण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत. त्या चिंध्यांच्या सुताच्या घोंगड्या भूकंप-पुरात मदत म्हणून वाटल्या जात आल्या. आता स्वस्त पॉलिएस्टरच्या पांघरुणांनी तो धंदाही मागे रेटला आहे.

परक्याचं अंगावर घालू नये, ही आपल्याकडची जुनी भावना आहे आणि तिला हसण्याचं कारण नाही. साथीच्या रोगांचा काळ ज्यांनी पाहिला त्यांनी ती जपली. पण आपण जुनं काही वापरत नव्हतो असंही नाही. बोहारीण दारात यायची, चार साड्या आणि एक जरीचं उपरणं देऊन स्टीलचा डबा पदरात पडायचा, आणि ते कपडे दुरुस्त होऊन कुणा दुसऱ्याच्या अंगावर जायचे. मोठ्या बहिणीचे फ्रॉक धाकटीला येतच होते. अलीकडे कोल्हापूरसारख्या शहरांत 'माणुसकीची भिंत' उभी राहिली. नको असलेलं तिथे ठेवा, हवं असलेलं न्या. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली 'गूंज' ही संस्था याच्याही पुढे जाते. गावकऱ्यांनी विहीर खणायची, रस्ता बांधायचा आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. घेणाऱ्याला फुकटचं घेतल्यासारखं वाटू नये, ही त्यामागची दृष्टी मला फार मोलाची वाटते. चॅरिटी शॉपमध्येही घेणारा किंमत मोजतो, म्हणून ताठ मानेनं बाहेर पडतो. आपल्या शहरांत मध्यमवर्गानं स्वतः जाऊन खरेदी करावी अशी दुकानं निघाली, तर मी पहिलं गिऱ्हाईक असेन.

मुलीला काही गोष्टी जरूर कळवा. कोट घरी आणल्यावर ड्रायक्लीन करून घ्यावा. दुकानात वाफ देतात, धुणं होत नाही. घेण्याआधी चेन वरखाली करून पाहावी, काखेतली शिवण आणि कोपरं उजेडात धरावीत, लोकरीवर कसरीची भोकं आहेत का ते पाहावं. विजेची वस्तू घ्यायची तर तपासणीचा स्टिकर असलेलीच घ्यावी. सोफा किंवा गादीची खुर्ची घेताना आगीपासून सुरक्षिततेचं शिवलेलं लेबल आहे ना ते पाहावं. ते नसेल तर दुकानाला ती वस्तू विकताच येत नाही. हेल्मेट आणि लहान मुलांची गाडीतली खुर्ची जुनी कुठेही घेऊ नये, कारण आतून तडा गेलेला बाहेरून कळत नाही. अभ्यासक्रम संपवून निघताना पातेली-ताटल्या कचऱ्यात टाकू नयेत. उन्हाळ्यात ब्रिटिश हार्ट फाउंडेशन 'पॅक फॉर गुड' नावाची मोहीम विद्यापीठांबरोबर चालवतं आणि विद्यार्थ्यांच्या वस्तू वसतिगृहांच्या आवारातूनच गोळा करतं. तेव्हा गिफ्ट एडच्या फॉर्मवर मात्र, तिथे प्राप्तिकर भरलेला नसेल तर, सही करू नये.